खुर्ची गेली, पण सांगणार कोण?

विशेष प्रतिनिधी

सत्ता गेली की खुर्ची गेली, असे आपण सहज म्हणून जातो. पोर्तुगालचा हुकूमशहा आंतोनिओ द ऑलिव्हेरा सालाझार याच्या बाबतीत हा वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरला. ऑगस्ट १९६८ च्या पहिल्या आठवड्यात लिस्बनजवळच्या एस्तोरिल येथील समुद्रकाठच्या जुन्या किल्ल्यात तो नेहमीप्रमाणे उन्हाळी विश्रांतीसाठी उतरला होता. पायांची निगा राखणारा माणूस सकाळी आला होता. ७९ वर्षांचा सालाझार घडीच्या कापडी खुर्चीत बसायला गेला, खुर्ची डगमगली आणि त्याचे डोके दगडी फरशीवर आपटले. उठल्याबरोबर त्याने जवळच्यांना बजावले की, या प्रकाराची वाच्यता कुठेही व्हायची नाही.

ती झालीही नाही. खासगी डॉक्टरलादेखील काही दिवसांनीच हे कळले. १९ ऑगस्टला सालाझारने मंत्रिमंडळात फेरबदल केले, नव्या मंत्र्यांचा शपथविधी पार पडला. पोर्तुगालचा कारभार चालवणाऱ्या माणसाच्या कवटीत रक्त साचत आहे, याची कल्पना त्या समारंभात कुणालाच नव्हती. पुढे ही घटना जगजाहीर झाली, तेव्हा तिच्याही आवृत्त्या निघाल्या. बहुतेक चरित्रकार ३ ऑगस्ट ही तारीख देतात, काही जण दोन-तीन दिवस पुढची. तो खुर्चीवरून नव्हे तर न्हाणीघरात पडला, असे सांगणारेही निघाले. चाळीस वर्षे बातम्यांवर पहारा बसवणाऱ्या राज्यकर्त्याच्या पतनाची साधी तारीखही वादातून सुटू नये, याचे नवल वाटायला नको.

गोमंतकीयांना आणि गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या महाराष्ट्रातील पिढीला सालाझार हे नाव नव्याने सांगण्याची गरज नाही. ‘सालाझारशाही’ हा शब्दच मराठीत त्या काळात रूढ झाला. मात्र हा माणूस नेमका कोण होता, हे त्या शब्दाआड बरेचसे झाकले गेले. तो सेनापती नव्हता, जमावाला चेतवणारा वक्ता नव्हता. २८ एप्रिल १८८९ रोजी सांता कोंबा दांवजवळच्या विमिएइरो या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील जमीनदाराच्या इस्टेटीची देखभाल करणारे, स्वतःचीही थोडी जमीन राखून असलेले. चार बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता मुलगा. तो पाद्री व्हावा म्हणून आठ वर्षे व्हिझेउच्या सेमिनरीत शिकला, पण पाद्री न होता कोइंब्रा विद्यापीठात कायद्याकडे वळला आणि तिथेच अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. १९२६ मध्ये लष्कराने प्रजासत्ताक उलथवून टाकले. पण लष्कराला हिशेब जमेना. १९२८ मध्ये सालाझारला अर्थमंत्रिपदासाठी बोलावण्यात आले, तेव्हा प्रत्येक खात्याच्या खर्चावर आपली मुखत्यारी राहील, ही अट घालूनच तो आला. अंदाजपत्रकात शिल्लक दाखवून त्याने सेनाधिकाऱ्यांना दिपवले. १९३२ मध्ये पंतप्रधान झाला आणि १९३३ च्या राज्यघटनेने ‘नवे राज्य’ म्हणवणारी त्याची राजवट कायम झाली. एकच राजकीय संघटना, मंजूर करून घेतलेली वृत्तपत्रे आणि एक गुप्त पोलीस दल, असा तो संसार होता.

त्याची राहणी साधी होती, यात शंका नाही. लग्न केले नाही. सरकारी निवासस्थानाच्या बागेत त्याची करारी घरव्यवस्थापिका दोना मारिया कोंबड्या पाळत असे. ज्या साम्राज्यासाठी त्याने हजारो माणसे युद्धात लोटली, त्या साम्राज्यातले अंगोला, मोझांबिक किंवा गोवा त्याने एकदाही पाहिले नाही. सगळे कागदांवरून पाहिले. हे कागद कोण लिहीत होते, हाच त्याच्या चरित्रातला कळीचा प्रश्न आहे.

१९३३ मध्ये स्थापन झालेले गुप्त पोलीस दल १९४५ नंतर ‘पिडे’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच्या अधिकाऱ्यांपेक्षा त्याचे खबरे लोकांना अधिक भिववीत. शेजारी, शिपाई, सहकारी, कॅफेतला वाढपी, यांपैकी कोण चुगली करील याचा नेम नसे. वृत्तपत्रांवर सेन्सॉरने तपासल्याचा शिक्का ठळकपणे छापावा लागे आणि खाडाखोड निळ्या पेन्सिलीने होई. बातमी मारली की तिची जागा रिकामी राहत नाही, तिथे अफवा येऊन बसते. लिस्बनच्या कॅफेंमधून सालाझारच्या पतनाच्या वावड्या चाळीस वर्षे उठत राहिल्या. आजार, सेनाधिकाऱ्यांची नाराजी, परदेशी दडपण, कधी नुसताच राष्ट्राध्यक्षांशी बेबनाव. एकही अंदाज खरा ठरला नाही.

पहिला मोठा प्रसंग ४ जुलै १९३७ चा. रविवारच्या प्रार्थनेसाठी एका स्नेह्याच्या घरी जाताना त्याच्या मोटारीजवळ रस्त्याखाली पेरलेला बॉम्ब फुटला. रस्ता उखडला, सालाझारला ओरखडाही आला नाही. कपडे झटकून तो प्रार्थनेला आत गेला. गुप्त पोलिसांनी चटकन संशयितांची एक टोळी हजर केली, त्यांच्याकडून छळ करून कबुलीजबाबही मिळवले. गुन्हा मात्र त्यांनी केलेलाच नव्हता! खरे कटवाले अराजकवादी होते आणि ते नंतर हाती लागले. छळाने मिळालेली माहिती छळणाऱ्याला हवी तीच असते; राज्यकर्त्याला त्यातून शत्रू कळत नाही, फक्त आपले पोलीस किती तत्पर आहेत एवढेच कळते. या प्रसंगातून सालाझारने हा धडा घेतल्याचे दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धात तटस्थ लिस्बन हे हेरांचे माहेरघर बनले. दोन्ही बाजूंचे हेर एकाच हॉटेलात चहा घेत. जुआन पुजोल हा स्पॅनिश गृहस्थ तर लिस्बनमध्ये बसून, प्रवासी मार्गदर्शिका समोर ठेवून, आपण इंग्लंडमधून लिहीत आहोत असे भासवत जर्मनांना कपोलकल्पित अहवाल पाठवत असे. पुढे ‘गार्बो’ या नावाने तो ब्रिटिशांचा नावाजलेला दुहेरी हेर झाला. सालाझारने या काळात जर्मनीला टंगस्टनचे खनिज विकले आणि १९४३ मध्ये ब्रिटिशांना अझोर्स बेटांवर तळही दिला. हिटलरच्या मृत्यूनंतर पोर्तुगालमध्ये झेंडे अर्ध्यावर उतरवण्यात आले. हुकूमशहांचा काळ संपला, आता सालाझारही जाणार, अशी अटकळ १९४५ मध्ये युरोपभर बांधली गेली. तो गेला नाही. उलट १९४९ मध्ये नाटोच्या संस्थापक राष्ट्रांत पोर्तुगालला स्थान मिळाले.

१९५८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मात्र त्याला खरोखर हादरवून गेली. हवाई दलाचे जनरल उंबेर्तो देल्गादो हे एके काळी याच राजवटीचे समर्थक. त्यांनी विरोधी उमेदवार म्हणून उभे राहून लिस्बनच्या एका कॅफेतील पत्रकार परिषदेत सांगून टाकले की, आपण निवडून आलो तर सालाझारला काढून टाकू. हे वाक्य जाहीरपणे उच्चारता येते, हीच लोकांना बातमी होती. पोर्तो आणि लिस्बनमध्ये त्यांच्या स्वागताला अफाट गर्दी लोटली. अधिकृत निकालात त्यांना जेमतेम पाव मते मिळाल्याचे दाखवले गेले आणि आमेरिको तोमाश राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी सालाझारने ही थेट निवडणूकच रद्द करवली. देल्गादो यांनी ब्राझीलच्या वकिलातीत आश्रय घेतला आणि नंतर देश सोडला.

मग आले १९६१ हे वर्ष. जानेवारीत एन्रिक गाल्व्हांव या बंडखोर कॅप्टनने सहाशेच्या आसपास प्रवासी असलेले ‘सांता मारिया’ जहाज भर समुद्रात ताब्यात घेतले. हेतू इतकाच, की जगाच्या वृत्तपत्रांनी सालाझारबद्दल लिहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगोलात उठाव झाला. एप्रिलमध्ये खुद्द संरक्षणमंत्री बोतेल्यो मोनिझ यांनी सालाझारला दूर करण्याचा घाट घातला. लिस्बनमधील अमेरिकी राजदूताशी त्यांची याविषयी बोलणी झाली होती. अमेरिकेचा कल बदलला आहे, सेनापती पाठीशी आहेत, सगळे गणित जुळले होते. राष्ट्राध्यक्ष तोमाश सही देईनात, एवढेच अडले. सालाझारने १३ एप्रिलला मोनिझ यांना बडतर्फ करून संरक्षण खाते स्वतःकडे घेतले. कटकऱ्यांना नंतर कळले की, ज्या दिवशी रणगाडे हलवायचे त्या दिवशी ते राष्ट्राध्यक्षांची समजूत घालण्यात गुंतले होते.

आणि डिसेंबरमध्ये गोवा. १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सत्याग्रहाची ठिणगी टाकल्यापासून हा प्रश्न लिस्बनपुढे होता. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालवण्यात आल्या. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच समुद्रापलीकडील प्रांत आहे, हे सालाझारचे पालुपद. १९५१ मध्ये त्याने राज्यघटनेतील शब्द बदलून घेतले आणि शब्द बदलला की वस्तुस्थिती बदलते, अशी स्वतःची खात्री करून घेतली. साडेतीन-चार हजार सैनिक, जुनाट शस्त्रे आणि ‘अफोन्सो द आल्बुकेर्क’ ही एक वयोवृद्ध युद्धनौका, एवढ्या बळावर भारतीय सेनेला तोंड द्यायचे होते. १४ डिसेंबरला त्याने गव्हर्नर जनरल मानुएल वासालो ई सिल्वा यांना पाठवलेल्या संदेशाचा आशय असा होता की, शरणागती आपल्याला संभवत नाही, पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी होतील किंवा मृत. किमान आठ दिवस तग धरावा. गोव्याच्या शिबंदीने रणगाडाविरोधी गोळ्यांसाठी सांकेतिक भाषेत सॉसेजची मागणी केली आणि लिस्बनहून विमानाने खरोखरच सॉसेज आले, ही गोष्ट त्या लढाईतून परतलेले सैनिक पुढे सांगत राहिले. ती जशीच्या तशी घडली असो वा नसो, त्या सैनिकांना आपल्या राजधानीविषयी काय वाटत होते, ते तीतून पुरेसे कळते.

आठ दिवस नव्हे, दोन दिवसही लागले नाहीत. १९ डिसेंबरला वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. पोर्तुगालची तीसच्या आसपास, भारताची २२ माणसे कामी आली. लिस्बनच्या वृत्तपत्रांत मात्र घनघोर लढाईच्या आणि प्राणपणाने चाललेल्या प्रतिकाराच्या बातम्या छापून येत होत्या. सैनिक मेले नाहीत, कैद झाले, ही बातमी सरकारला गैरसोयीची होती. ३ जानेवारी १९६२ रोजी राष्ट्रीय सभेत गोव्यावर भाषण करायला सालाझार उभा राहिला, पण घसा बसला होता; भाषण दुसऱ्याला वाचावे लागले. तीन हजारांहून अधिक युद्धकैदी मे १९६२ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा स्वागताऐवजी संशय त्यांच्या वाट्याला आला. वासालो ई सिल्वा यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. आपल्या माणसांचे प्राण वाचवले, हा त्यांचा अपराध.

गोव्याचा एक धागा इथून थेट देल्गादो यांच्या मृत्यूपर्यंत जातो. गोव्यातील पोलीस दलात कासिमिरो मोंतेरो नावाचा अधिकारी होता. तो जन्माने गोमंतकीय. स्वातंत्र्यसैनिकांच्या छळासाठी त्याचे नाव असे कुप्रसिद्ध होते, की गोव्यातील जुनी माणसे ते आजही शिवीसारखे उच्चारतात. मुक्तीनंतर तो पोर्तुगालला पोहोचला आणि ‘पिडे’त दाखल झाला. फेब्रुवारी १९६५ मध्ये परागंदा देल्गादो यांना निरोप गेला की, पोर्तुगालच्या सैन्यातील असंतुष्ट अधिकारी स्पेनच्या सरहद्दीवर त्यांना भेटू इच्छितात. त्यांच्या वर्तुळात ‘पिडे’चे खबरे केव्हाच शिरले होते; असंतुष्ट अधिकारी म्हणजे ‘पिडे’चेच लोक. सालाझारचे पतन जवळ आले आहे, हे देल्गादो यांना ऐकायचे होते आणि तेच त्यांना ऐकवण्यात आले. १३ फेब्रुवारीला ओलिव्हेन्साजवळ त्यांची आणि त्यांच्या ब्राझिलियन सचिव बाईंची हत्या झाली. देल्गादो यांच्यावर गोळ्या झाडणारा मोंतेरो होता, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. प्रेते एप्रिलमध्ये सापडली, तेव्हा विरोधकांच्या आपसांतील भांडणातून हा खून झाला, अशी कंडी पिकवण्यात आली. सालाझारला किती ठाऊक होते, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. खून झाल्यावर कोणाही अधिकाऱ्याला शिक्षा झाली नाही, यावर वाद नाही.

देल्गादो कुटुंबाचे वकीलपत्र मारिओ सुआरिश या तरुण समाजवादी वकिलाने घेतले. मार्च १९६८ मध्ये सालाझारने त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडील साओ तोमे बेटावर हद्दपार केले. त्यानंतर पाच महिन्यांनी ती खुर्ची डगमगली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डोकेदुखी असह्य झाली. ६ सप्टेंबरच्या रात्री सालाझारला लिस्बनच्या रुग्णालयात हलवून डोक्याची शस्त्रक्रिया करण्यात आली. तो सावरत आहे असे वाटत असतानाच १६ तारखेला मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन तो बेशुद्ध झाला. आता तो जगणार नाही, असे सर्व डॉक्टरांचे मत पडले. अमेरिकेहून आणलेल्या नामवंत मेंदूतज्ज्ञालाही वेगळे काही सांगता आले नाही. त्या भरवशावर तोमाश यांनी २७ सप्टेंबरला त्याला पदमुक्त केले आणि मार्सेलो कायतानो या कायद्याच्या प्राध्यापकाची पंतप्रधानपदी नेमणूक केली. सालाझारने मात्र वैद्यकीय अंदाजही खोटा पाडला. तो शुद्धीवर आला, बोलू लागला, कारभाराच्या गोष्टी विचारू लागला.

पेच असा की, पद गेल्याचे त्याला सांगायचे कुणी? राष्ट्राध्यक्षांनी सांगितले नाही. मंत्र्यांनी सांगितले नाही. फेब्रुवारी १९६९ मध्ये त्याला रुग्णालयातून पुन्हा पंतप्रधानांच्याच निवासस्थानी आणण्यात आले आणि माजी मंत्री त्याच्याभोवती बसून सरकार चालल्याचे सोंग करू लागले. त्याच्यासाठी वर्तमानपत्राची वेगळी, एकच प्रत छापली जाई, अशीही आख्यायिका आहे. तिच्यावर फार विसंबू नये. पण पोर्तुगीज लोकांना ती चटकन पटली, कारण तसे वर्तमानपत्र ते स्वतः चाळीस वर्षे वाचत आले होते. सप्टेंबर १९६९ मध्ये ‘लॉरोर’ या फ्रेंच दैनिकाच्या पत्रकाराने त्याची मुलाखत घेतली. कायतानोंविषयी विचारताच सालाझारने शांतपणे सांगितले की, माणूस हुशार आहे, पण तो विद्यापीठात शिकवतो, आपल्या मंत्रिमंडळात नाही. त्याला सारे कळले होते आणि तोही सोंगात सामील झाला होता, असे मानणारे चरित्रकार आहेत. प्रस्तुत प्रतिनिधीला हे पटत नाही. इतकी वर्षे ज्याला न आवडणारी बातमी सांगण्याची कुणाची छाती झाली नाही, त्याला शेवटची बातमीही कुणी सांगितली नसेल, हेच अधिक संभवनीय वाटते.

तो रुग्णालयात असतानाच, लिस्बनलगतच्या काशियास तुरुंगातून एका मराठी माणसाची सुटका झाली. मोहन रानडे हे मूळचे सांगलीचे. मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्यात उतरले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली, पोर्तुगालला नेण्यात आले. गोवा मुक्त झाला, रानडे मात्र कोठडीतच राहिले. सुधीर फडके यांनी त्यांच्या मुक्ततेसाठी जंग जंग पछाडले. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपना साकडे घातले. सालाझार असेपर्यंत दार उघडले नाही. जानेवारी १९६९ मध्ये, तेरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून, रानडे बाहेर आले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

२७ जुलै १९७० रोजी सालाझार मरण पावला. जेरोनिमोश मठातील अंत्यदर्शनानंतर खास रेल्वेगाडीने शव सांता कोंबा दांवला नेऊन विमिएइरोच्या दफनभूमीत आई-वडिलांजवळ पुरण्यात आले. म्हातारा गेला की राजवट कोसळणार, हे भाकीतही चुकले. कायतानोंनी ‘पिडे’चे नाव बदलले, माणसे तीच ठेवली, आफ्रिकेतील युद्धे चालूच राहिली. ती राजवट पडली २५ एप्रिल १९७४ रोजी, मधल्या फळीतील कॅप्टनांच्या उठावाने. उठावाचा संकेत म्हणून रेडिओवर दोन गाणी लागली. ती ऐकून कॅप्टन निघाले आणि सकाळी रणगाडे लिस्बनच्या चौकात उभे राहिले. हजारो खबऱ्यांचे ते दल या वेळीही बेसावध होते. त्यांच्या मुख्यालयातून त्या दिवशी जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या, चार जण ठार झाले.

पुढच्या काही महिन्यांत वासालो ई सिल्वा यांना सैन्यात सन्मानाने परत घेण्यात आले. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरील भारताच्या सार्वभौमत्वाला मान्यता देणारा करार ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत झाला. पोर्तुगालच्या वतीने त्यावर सही केली परराष्ट्रमंत्री मारिओ सुआरिश यांनी. देल्गादो कुटुंबाचे वकील, साओ तोमेचे हद्दपार.